नागपूर कोणी बुडवले?

शनिवार, २३ सप्टेंबर २०२३. आदल्या दिवशी नागपुरात घरोघरी महालक्ष्म्यांचे जेवण झाले होते. मध्यरात्र उलटल्यावर पाऊस कोसळू लागला आणि उजाडायच्या आत अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीत उतरला. नदीत त्याला मावायला जागा ठेवलेली नव्हती. म्हणून तो अंबाझरी लेआउटमध्ये, डागा लेआउटमध्ये, कॉर्पोरेशन कॉलनीत, शंकरनगरात आणि पुढे सीताबर्डीपर्यंत लोकांच्या घरादारांत शिरला. मोरभवनच्या स्थानकात उभ्या बसगाड्या पाण्यात गेल्या. मूकबधिर विद्यालयातल्या मुलांना आणि एलएडी कॉलेजच्या मुलींना अंधारात बाहेर काढावे लागले. लष्कर बोलवावे लागले. अंथरुणाला खिळलेली एक स्त्री स्वतःच्याच घरात बुडून मेली. पहिल्या दोन दिवसांतच मृतांचा सरकारी आकडा चारवर गेला आणि बाधित घरांचा आकडा दहा हजारांच्या घरात पोचला.

हे कोणत्या दुर्लक्षित आडगावी घडले नाही. राज्याच्या उपराजधानीत घडले, उच्च न्यायालयाचे खंडपीठ आणि विधानभवन जिथे आहे त्या शहरात घडले. राज्याचा तेव्हाचा उपमुख्यमंत्री, तोच गृहमंत्री आणि तोच जिल्ह्याचा पालकमंत्री, या शहराचा रहिवासी होता. केंद्रातला एक वजनदार मंत्री या शहराचा खासदार होता. एवढी सत्ता एका शहरात एकवटलेली असताना ते शहर चार तासांच्या पावसात बुडाले. आणि त्या सत्तेतल्या एकाही माणसाने खुर्ची सोडली नाही.

आम्ही विचारतो, नागपूर कोणी बुडवले? पावसाचे नाव सांगू नका. माणसांची नावे सांगा.

पाण्याचा पहिला लोंढा ओसरायच्या आतच 'ढगफुटी' हा शब्द पुढाऱ्यांच्या तोंडी आला. हवामान खात्याच्या लेखी ढगफुटी म्हणजे एका तासात १०० मिलिमीटर पाऊस. नागपुरात त्या रात्री चार तासांत १०० मिलिमीटरहून थोडा अधिक पाऊस झाला. जोरदार होता, नुकसान करणारा होता, पण कल्पनेपलीकडचा मुळीच नव्हता. मुंबईत २६ जुलै २००५ ला एका दिवसात ९४४ मिलिमीटर कोसळला. तिथल्या राज्यकर्त्यांनी आकाशाकडे बोट दाखवले तेव्हा निदान बोट दाखवण्याजोगा आकडा तरी त्यांच्याजवळ होता. नागपूरचा स्वतःचा इतिहास काय सांगतो? १२ जुलै १९९४ ला याच शहराने एका दिवसात ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पाहिला. आणि ६ जुलै २०१८ तर कोणा राज्यकर्त्याला विसरताच येऊ नये. त्या वर्षी पावसाळी अधिवेशन हौसेने नागपुरात भरवले गेले. त्या दिवशी विधानभवनाच्या वीजपुरवठ्याच्या खोलीत पाणी शिरले, सभागृहात अंधार झाला आणि राज्याच्या कायदेमंडळाला दिवसाचे काम बंद करून उठावे लागले. मुख्यमंत्री होते देवेंद्र फडणवीस.

यापेक्षा स्पष्ट इशारा कोणत्या सरकारला मिळतो? ज्यांना कायदे करायचे, निधी मंजूर करायचा, नद्यांचे पात्र मोकळे करायचे, त्यांच्याच पायाखाली पाणी आले होते. त्यानंतर पाच पावसाळे गेले. त्या पाच पावसाळ्यांत नाग नदीची वाट मोकळी झाली असती तर २३ सप्टेंबरला अंबाझरीचे पाणी निमूट पुढे गेले असते. ते झाले नाही, हे कोणा ढगाचे पाप नाही.

नाग नदीचे काय केले ते नागपूरकरांना ठाऊक आहे. लाव्हाच्या टेकड्यांतून निघून अंबाझरीत येणारी आणि तिथून शहराच्या पोटातून वाहत जाणारी ही नदी, जिच्या नावाने हे शहर ओळखले जाते, तिला आम्ही आधी नाला केले आणि मग त्या नाल्याच्या छातीवर बांधकामे केली. अंबाझरीचा बंधारा दीडशे वर्षांहून जुना. त्याच्या सांडव्यासमोर स्वामी विवेकानंदांचे स्मारक उभे राहिले. ते पाण्याच्या वाटेत आहे, असा रहिवाशांचा आक्षेप. डागा लेआउटजवळ प्रवाहावर स्लॅब टाकून उभारलेल्या स्केटिंग रिंककडेही त्यांनी बोट दाखवले. काठावर करमणुकीची उद्याने झाली, संरक्षक भिंती खचल्या, पूल ठेंगणे राहिले. हे सारे एका रात्रीत झाले नाही, परवानगीवाचूनही झाले नाही. प्रत्येक स्लॅबच्या मागे एक नकाशा आहे, प्रत्येक नकाशावर एक सही आहे. सही करणाऱ्याच्या वर एक सभापती होता, त्याच्या वर महापौर होता, त्याच्या वर नगरविकास खाते होते, आणि उद्घाटनाच्या कोनशिलेवर एखाद्या नेत्याचे नाव ठसठशीत कोरलेले होते. कोनशिलेवर नाव हवे असेल तर पंचनाम्यावरही तेच नाव लागले पाहिजे.

नाव घेऊनच बोलतो. देवेंद्र फडणवीस १९९७ ला या शहराचे महापौर झाले. १९९९ पासून ते या शहराचे आमदार आहेत. २०१४ ते २०१९ मुख्यमंत्री होते आणि मुख्यमंत्री असताना नगरविकास खातेही त्यांच्याकडेच होते. २०२३ ला उपमुख्यमंत्री आणि पालकमंत्री, आज पुन्हा मुख्यमंत्री. नितीन गडकरी २०१४ पासून इथले खासदार आहेत. नाग नदी स्वच्छ करण्याची, तिच्यातून बोटी चालवण्याची स्वप्ने त्यांनी या शहराला दाखवली आणि सुमारे १,९२७ कोटींचा नदीशुद्धीकरणाचा प्रकल्प मंजूर करून आणल्याचे श्रेय घेतले. महापालिकेत २००७ पासून सलग १५ वर्षे भारतीय जनता पक्षाची सत्ता होती. त्याआधी काँग्रेसवाल्यांनी हेच शहर चालवले आणि नाल्यांवरची पहिली अतिक्रमणे त्यांच्या डोळ्यांदेखत झाली. त्यांनाही आम्ही सोडत नाही. पण पुराच्या रात्री सत्ता ज्यांच्या हाती होती, त्यांनी आधी उत्तर दिले पाहिजे. मेट्रो आमची, उड्डाणपूल आमचे, सिमेंटचे रस्ते आमचे असे ज्यांनी सांगितले, त्यांनी पूरही आमचा असे म्हटले पाहिजे.

ते म्हटले गेले नाही. दुसऱ्या दिवशी पाहणी दौरा झाला. गल्लीगल्लीत संतापलेल्या रहिवाशांनी नेत्यांना घेरले. बायाबापड्या भिजलेले धान्य, चिखलात माखलेल्या गाद्या, बंद पडलेले फ्रिज दाखवत होत्या. आणि मग ठरलेली वाक्ये आली. पंचनामे युद्धपातळीवर होतील. कोणालाही वाऱ्यावर सोडणार नाही. दोषींची गय केली जाणार नाही. घरामागे १० हजार रुपयांचे सानुग्रह अनुदान जाहीर झाले, दुकानदारांसाठी ५० हजारांपर्यंत, मृतांच्या वारसांना ४ लाख. 'सानुग्रह' म्हणजे कृपा करून दिलेले! ज्यांच्या नाकर्तेपणाने घर बुडाले, त्यांनी त्याच घरमालकावर कृपा करायची, आणि त्याने हात जोडून ती घ्यायची! नुकसान तुम्ही केले असेल तर ती भरपाई आहे आणि भरपाई हा हक्क आहे. पण भरपाई म्हटले की चूक कबूल करावी लागते. ती कबुली टाळण्यासाठी सरकारने आपल्या शब्दकोशात अनुग्रह घालून ठेवला आहे.

तलाठी येतो, महापालिकेचा कर्मचारी येतो, घराच्या भिंतीवर पाण्याची रेघ किती उंच ते बघतो, आधार कार्ड मागतो, बँकेचे पासबुक मागतो, फोटो काढतो. बुडालेल्या माणसाला आपण बुडालो हे पुराव्यानिशी सिद्ध करावे लागते. बुडवणाऱ्याला काहीही सिद्ध करावे लागत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर बुडाले तेव्हा याच राज्याच्या सरकारने शासन निर्णय काढला की घर दोन दिवसांपेक्षा अधिक काळ पाण्याखाली असेल तर मोफत धान्य मिळेल. त्याच सुमारास ब्रह्मनाळला बोट उलटून १७ माणसे बुडाली, कारण गावकऱ्यांना सरकारी बोटींची वाट पाहून शेवटी मिळेल त्या बोटीत कोंबून बसावे लागले. त्या वेळचे जलसंपदा मंत्री गिरीश महाजन पूरग्रस्त भागात बोटीतून हसत हात हलवताना साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. त्या चित्रफितीचा परिणाम काय झाला? डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या मंत्रिमंडळात हेच महाजन विदर्भाच्या जलसंपदेचे मंत्री झाले आणि आपत्ती व्यवस्थापनाचेही मंत्री झाले. मेलेल्यांची यापेक्षा मोठी अवहेलना कशी करतात, ते आम्हाला ठाऊक नाही.

आणि सत्ताबदल झाला म्हणून चित्र बदलते असेही नाही. नागपूरपासून तासाभराच्या अंतरावर भंडारा आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे तिथल्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली आणि १० बाळे मेली. सरकार महाविकास आघाडीचे होते, मुख्यमंत्री उद्धव ठाकरे, आरोग्यमंत्री राजेश टोपे. रुग्णालयात आग विझवण्याची धड यंत्रणा नव्हती. ती बसवण्याचा निधी कोण देतो? मंत्रालय देते. पण निलंबित झाले जिल्हा शल्यचिकित्सक आणि त्यांच्या हाताखालची माणसे, कंत्राटी कर्मचाऱ्यांना घरी पाठवले आणि गुन्हा दाखल झाला दोन परिचारिकांवर. आरोग्यमंत्री आरोग्यमंत्रीच राहिले. त्या वेळी विरोधी बाकांवर बसलेल्या भाजपच्या नेत्यांनी सरकारला जबाबदार धरले आणि ते योग्यच होते. अडीच वर्षांनी सरकार त्यांचे होते, शहर त्यांचे होते, आणि ती कसोटी त्यांनी स्वतःला लावली नाही. जबाबदारी ही या राज्यात विरोधकांनी मागायची वस्तू झाली आहे. सत्तेवर आलेला माणूस ती मंत्रालयाच्या पायरीवरच उतरवून ठेवतो.

नागपूरने मात्र एक मंत्री जबाबदारी घेताना पाहिला आहे. तो दिवस या शहराच्या काळजावर कोरलेला आहे. २३ नोव्हेंबर १९९४. हिवाळी अधिवेशन चालू होते. गोवारी समाजाचे हजारो लोक, लेकरे कडेवर घेतलेल्या आया, अनुसूचित जमातीच्या सवलती मागायला विधानभवनावर चालून आले. दिवसभर ते रस्त्यावर बसून राहिले. त्यांचे निवेदन घ्यायला सरकारातून कोणी फिरकले नाही. मुख्यमंत्री शरद पवार मुंबईला निघून गेले होते. संध्याकाळी पोलिसांनी लाठी उगारली, गर्दी दबली, आणि मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटजवळ ११४ माणसे चेंगरून मेली. त्यांत बहुसंख्य बाया आणि लेकरे. एखाद्या मंत्र्याला पाच मिनिटे चालत बाहेर येता आले असते तर ही माणसे आपापल्या गावी परतली असती.

आदिवासी विकास मंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. पिचड आज हयात नाहीत. त्यांच्या राजकारणाविषयी कोणाचे काहीही मत असो, ११४ मृतदेहांसमोर खुर्चीला चिकटून बसणे त्यांनी नाकारले, एवढे त्यांच्या नावावर लिहिलेच पाहिजे. पण तेवढ्यावर सरकार सुटले कसे, हा आमचा सवाल तीस वर्षांनंतरही जिवंत आहे. लाठीचा हुकूम आदिवासी विकास खात्याचा नव्हता. पोलीस त्या खात्याचे नव्हते. मुख्यमंत्री जागेवर राहिले. न्यायमूर्ती दाणी यांचा चौकशी आयोग नेमला गेला आणि त्याच्या अहवालातून सरकार निर्दोष बाहेर पडले. ११४ माणसे मेली आणि मारणारे कोणी नाही! पुढे सीताबर्डीत स्मारक झाले, उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहीदांचे नाव दिले. २०१८ च्या ऑगस्टमध्ये नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला, डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. पुलावरून गाड्या धावतात आणि ज्या मागणीसाठी माणसे मेली ती आजही तिथेच उभी आहे. एका मंत्र्याचा राजीनामा घेऊन उरलेल्या सरकारने हात धुतले की काय होते, ते गोवारींना विचारा.

म्हणूनच नुसता राजीनामा पुरेसा असे आम्ही म्हणत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील गेले, राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील गेले, मुख्यमंत्री विलासराव देशमुखही गेले. तीन मोठ्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. वर्षभरात आर. आर. पाटील त्याच गृहखात्यात परतले. हल्ल्याच्या रात्री कोणते दल किती वेळात पोचले, कोणाचे हुकूम कोणापर्यंत गेले नाहीत, याचा प्रधान समितीचा अहवाल सरकारने लोकांसमोर मोकळेपणाने ठेवला नाही. लोकांचा राग निवण्याची वाट पाहायची आणि मग मागच्या दाराने आत यायचे, ही जबाबदारी नव्हे.

जबाबदारी कशी घेतात हेही या देशाला माहीत होते. २३ नोव्हेंबर १९५६ ला, गोवारींच्या त्या दिवसाआधी बरोबर ३८ वर्षे, तामिळनाडूतल्या अरियलूरजवळ रेल्वे नदीत कोसळली आणि शंभराहून अधिक माणसे मेली. रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्री. काही आठवड्यांपूर्वी महबूबनगरच्या अपघातानंतरही त्यांनी राजीनामा देऊ केला होता, तेव्हा नेहरूंनी तो घेतला नव्हता. अरियलूरनंतर शास्त्रींनी पुन्हा दिला आणि तो स्वीकारला गेला. रूळ शास्त्रींनी उखडले नव्हते, पुलाची तपासणी करायला ते स्वतः जाणार नव्हते. पण खाते त्यांचे होते. खात्याच्या यशाचे हार ज्याच्या गळ्यात पडतात, खात्याने मारलेल्या माणसांचा भारही त्याच्याच मानेवर, हे त्या लहानखुऱ्या माणसाला कोणी शिकवावे लागले नाही.

आजचा नेता म्हणेल, तो काळ वेगळा होता. मग आजच्याच काळातले घ्या. स्पेनमधल्या वॅलेन्सिया प्रांतात २९ ऑक्टोबर २०२४ ला महापूर आला. हवामान खात्याने सकाळीच लाल इशारा दिला होता. प्रांताचे प्रमुख कार्लोस माझोन दुपारी एका रेस्टॉरंटात तासन्‌तास जेवत बसले होते. लोकांच्या फोनवर धोक्याचा संदेश गेला रात्री ८ वाजून ११ मिनिटांनी, तोवर कित्येक माणसे बुडाली होती. सव्वादोनशेहून अधिक लोक गेले. माझोन यांनीही आधी आपल्याकडच्यासारखीच कारणे दिली. पण तिथली माणसे गप्प बसली नाहीत. महिन्यामागून महिना ती रस्त्यावर येत राहिली, मृतांची नावे घेत राहिली, आणि ३ नोव्हेंबर २०२५ ला त्या माणसाला राजीनामा जाहीर करावा लागला. वॅलेन्सियाच्या आयाबहिणींनी जे केले ते नागपूरने का करू नये? आमची माणसे स्वस्त आहेत काय?

कायद्याचेही ऐका. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे. त्याप्रमाणे राज्याच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचा अध्यक्ष मुख्यमंत्री असतो, जिल्ह्याच्या प्राधिकरणाचा अध्यक्ष जिल्हाधिकारी. कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला कलम ५६ प्रमाणे वर्षभराची कैद होऊ शकते. सरकारी खात्याकडून गुन्हा घडला तर कलम ५५ खातेप्रमुखाला धरते. हुकूम मोडणाऱ्या नागरिकासाठी कलम ५१ आहे, आणि करोनाच्या काळात ते कसे वापरले ते सर्वांनी अनुभवले. दुकान उघडले म्हणून, मास्क नाकाखाली आला म्हणून याच कायद्याचा बडगा गरिबाच्या पाठीवर बसला. पण तयारीच न करणाऱ्या मंत्र्याचे काय? प्राधिकरणाच्या बैठका न घेणाऱ्या अध्यक्षाचे काय? त्याच्यासाठी कायद्यात चकार शब्द नाही. उलट सद्‌हेतूने केलेल्या कामाला कलम ७३ चे संरक्षण आहे. खालच्या माणसाला कैद, रस्त्यावरच्या माणसाला दंड, आणि वरच्या माणसाला संरक्षण! २०२५ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली, मोठ्या शहरांसाठी शहरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद आली. त्यातही राजकीय नेतृत्वाच्या जबाबदारीचे कलम घालण्याची बुद्धी कोणाला झाली नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात टिळकांच्या 'केसरी'ने शेतकऱ्यांना परक्या सरकारचा फॅमिन कोड समजावून सांगितला होता. साऱ्यात तुम्हाला काय सूट आहे, कामावर काय मजुरी आहे, ते मागा. भीक मागू नका, हक्क मागा, हा त्याचा मथितार्थ. परके सरकार होते तरी त्याला त्याच्याच कायद्याने जाब विचारता येतो, ही हिंमत त्या पिढीने दिली. स्वतःच्या मतांनी निवडलेल्या सरकारला आम्ही तेवढाही जाब विचारू नये?

आणि जाब विचारायचा तर कोणाला, हाही प्रश्न नागपूरकरांपुढे मुद्दाम उभा केला गेला होता. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. राज्यघटना म्हणते, मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे. महाविकास आघाडीच्या काळात ती झाली नाही, शिंदे-फडणवीसांच्या काळात झाली नाही. ओबीसी आरक्षणाचा खटला, प्रभागांची रचना, अशी कारणे दिली गेली आणि शहर प्रशासकाच्या हाती राहिले. मतदान झाले ते थेट जानेवारी २०२६ मध्ये. म्हणजे पुराच्या रात्री या शहरात एकही नगरसेवक नव्हता. मध्यरात्री ज्याच्या दारावर थाप मारायची, ज्याला शिव्या द्यायच्या, ज्याला पुढल्या निवडणुकीत पाडायचे, तो माणूसच खुर्चीवर नव्हता. मंत्रालयातून नेमलेला प्रशासक मंत्रालयाला उत्तर देतो, लोकांना नाही. महापालिकेचा कारभार मंत्रालयाने स्वतःकडे घेतला असेल तर महापालिकेच्या पापाचा धनीही मंत्रालयच आहे. तिथे कोणालाही लपायला जागा नाही.

नागपूर जिल्ह्याला पाण्याचा हिशेब नवा नाही. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीने नरखेड तालुक्यातले मोवाड गाव धुऊन नेले, २०४ माणसे एका सकाळी गेली. मोवाडचे लोक आजही त्या तारखेला आपल्या माणसांना आठवतात. त्या गावाला सरकारने दुसरी जागा दिली. नागपूरच्या अंबाझरीकाठच्या वस्त्यांनी कुठे जायचे? त्यांनी कर भरून घेतलेल्या भूखंडांवर, मंजूर लेआउटमध्ये, मंजूर नकाशाची घरे बांधली होती. त्यांनी सरकारच्या शिक्क्यावर विश्वास ठेवला, हाच त्यांचा गुन्हा.

शेवटी रहिवासी उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने विचारले, फटकारले, विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, सांडव्याची, पुलांची, भिंतींची चर्चा झाली, अंबाझरीसमोरचा जुना पूल पाडून नवा बांधायला घेतला गेला. कामे होत असतील तर चांगलेच. पण ती कामे न्यायालयाच्या धाकाने व्हावी लागतात, यातच सरकारचा निकाल लागला आहे. जे न्यायमूर्तींना दिसले ते पालकमंत्र्यांना आधी का दिसले नाही? जे चार माणसे मेल्यावर सुचले ते विधानभवनात पाणी शिरले तेव्हा का सुचले नाही?

मुख्यमंत्री फडणवीस, या प्रश्नांची उत्तरे न्यायालयातल्या प्रतिज्ञापत्रांत देऊ नका. ती सरकारी वकिलाची भाषा असते. उत्तरे सभागृहात द्या. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला दिलेला शब्द म्हणून दर डिसेंबरात तुमचे सरकार या शहरात येते. येत्या हिवाळी अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी, पुरवणी मागण्यांच्या आधी, उभे राहा. नाग नदीच्या पात्रात आणि अंबाझरीच्या सांडव्यासमोर झालेल्या प्रत्येक बांधकामाची परवानगी सभागृहाच्या पटलावर ठेवा: तारीख, सही करणारा अधिकारी, मंजुरी देणारी समिती, आणि ज्याच्या खात्यातून ती गेली त्या मंत्र्याचे नाव. त्यांत तुमचे नाव असेल तर तेही वाचा. विभागीय आयुक्तांच्या समितीने जे जे सांगितले त्यातले काय झाले, काय राहिले आणि का राहिले, ते सांगा. २०१८ नंतरच्या पाच पावसाळ्यांत राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने नागपूरच्या पुराविषयी काय केले, त्याची इतिवृत्ते मांडा. दहा हजार रुपयांचा अनुग्रह मागे घ्या आणि प्रत्यक्ष नुकसानीची भरपाई द्या, सरकारच्या चुकीची भरपाई म्हणून, त्या शब्दांत. आणि आपत्ती व्यवस्थापनाचे खाते गिरीश महाजनांकडून त्याच दिवशी काढून घ्या.

हे तुमच्याने होणार नसेल, तर ज्या खुर्चीवर बसून ते करायचे होते ती खुर्ची त्याच सभागृहात, या शहराच्या देखत, रिकामी करा.